नव्या श्रोत्यासाठी मैफलीत काय बदलावे आणि काय बदलू नये?

कोमल रिषभ
आमच्या गृहसंकुलाच्या सभागृहात आम्ही काही रहिवासी मिळून शास्त्रीय संगीताच्या छोट्या बैठका भरवतो. गाणारे-वाजवणारे तयारीचे असतात, प्रवेश विनामूल्य असतो, सभागृह घराला लागून आहे. तरीही विलंबित, म्हणजे संथ लयीतला ख्याल सुरू होऊन दहा-पंधरा मिनिटे झाली की पंचविशी-तिशीतली मंडळी एकेक करून उठू लागतात. हीच मंडळी अभंगांच्या किंवा नाट्यगीतांच्या कार्यक्रमाला त्याच सतरंजीवर शेवटच्या भैरवीपर्यंत मांडी घालून बसतात, त्यामुळे त्यांना सुरांची ओढ नाही असे म्हणायला मी तयार नाही.

आमच्याकडे यावर दोन टोकांची मते आहेत. काहींना वाटते की विलंबित गाळावे, वीस-वीस मिनिटांचे राग ठेवावेत, साथीला गिटार आणि कीबोर्ड घ्यावेत आणि मंचावर रंगीत दिवे लावावेत. काहींना वाटते की काहीही बदलू नये, ज्याला टिकायचे तो टिकेल. मला दोन्ही पटत नाही. पुढे काय घडायचे आहे आणि आपण कशाची वाट पाहायची आहे, हे न कळल्यामुळे नवा श्रोता उठतो, असे माझे मत झाले आहे. आजच्या अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचे एक आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, पुरा व्हायला जवळपास एक मिनिट लागते. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, कुठे येणार हे ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठी ते मिनिट उत्कंठेचे असते. ज्याला ठाऊक नाही त्याच्यासाठी ते नुसतेच लांबलेले असते.

संगीताला हात न लावता श्रोत्याच्या हाती काही देता येईल का, आणि ते कसे द्यावे? ज्यांनी असे काही प्रत्यक्ष केले आहे, किंवा जे स्वतः अलीकडे या संगीताकडे वळले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

तिहाई
महत्त्वाचा विषय. विलंबिताबद्दलच्या निरीक्षणाला पूर्ण अनुमोदन.

गिरगावकर
मुंबईतल्या लक्ष्मीबागेतल्या बैठका आणि गणेशोत्सवात चौकाचौकांत होणारी गाणी यांच्याबद्दल मी घरच्या वडीलधाऱ्यांकडून पुष्कळ ऐकले आहे. मांडवाबाहेर, रस्त्यावर उभे राहून गाणे ऐकणाऱ्यांत कारकून असत, दुकानदार असत, पाळी संपवून आलेले कामगार असत. त्यातल्या फार थोड्यांना रागाचे नाव सांगता आले असते. तरी ते उभे राहत, कारण त्यांच्या शेजारी कोणीतरी जाणता असे. समेवर त्याची मान हलली की आपली हलते, एखाद्या जागेवर त्याच्या तोंडून दाद गेली की आपले लक्ष तिथे जाते, आणि असे करता करता कान तयार होतो.

त्यामुळे मंचावरून समजावून सांगण्याला माझा विरोध आहे. निवेदकाने माईक हाती घेतला की रागाची वेळ, घराण्याचा इतिहास आणि कलाकाराचे पुरस्कार यांत अर्धा तास जातो आणि जुळलेले तानपुरे पुन्हा उतरतात. कोमल रिषभ, तुम्ही एवढेच करून पाहा: जुन्या जाणत्या श्रोत्यांना पहिल्या रांगेत एकगठ्ठा न बसवता नव्या मुलांच्या मध्ये बसवा.

षड्जपंचम
लांबीबद्दल लिहितो. मैफलीची लांबी ही काही काळ्या दगडावरची रेघ नाही. १९०२ साली कलकत्त्यात गौहर जान यांचे गाणे ध्वनिमुद्रित झाले तेव्हापासून आपल्या गवयांना तीन मिनिटांच्या तबकडीत राग मांडावा लागला. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ‘पिया बिन’ ही तबकडी ऐका. तेवढ्या वेळात खाँसाहेब श्रोत्याला कुठल्या कुठे घेऊन जातात. पुढे दीर्घ तबकड्या आल्या आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटे मिळाली, तेव्हा अमीर खाँसाहेबांनी एका बाजूला मारवा आणि दुसऱ्या बाजूला दरबारी असा ऐवज ठेवला, तर किशोरीताई आमोणकरांच्या भूप रागाने महाराष्ट्रातल्या घराघरांत जागा केली.

रंगभूमीनेही हेच केले. १९११ सालच्या ‘मानापमान’ला गोविंदराव टेंबे यांनी आणि १९१६ सालच्या ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखले यांनी चाली दिल्या, तेव्हा ख्याल-ठुमरीच्या बंदिशी मराठी शब्द घेऊन थेट प्रेक्षागृहात आल्या. बैठकीची पायरी कधी न चढलेल्या माणसाच्या कानी बालगंधर्वांच्या ‘नाथ हा माझा’मधून यमन पडला. या लोकांनी संगीत पातळ केले असे कोणी म्हणत नाही. मग आजच्या तरुणासाठी चाळीस मिनिटांचा एक राग नेटका मांडला तर काय बिघडते?

गिरगावकर
षड्जपंचम, काही बिघडत नाही, फक्त तो निर्णय गाणाऱ्याचा असावा. तीन मिनिटांत झिंझोटी उभी करणाऱ्या खाँसाहेबांच्या पाठीशी तासन्‌तासांची आळवणी होती, म्हणून काय ठेवायचे आणि काय सोडायचे हे त्यांना कळत होते. आयोजकाने घड्याळ दाखवून विलंबित गाळायला लावले तर उरते ती तयारीची कसरत. द्रुतातल्या, म्हणजे जलद लयीतल्या तानांना टाळ्या पडतात, पण त्या टाळ्यांनी रागाची ओळख होत नाही.

लयवेडा
मी सव्वीस वर्षांचा आहे, बंगळुरूला नोकरी करतो आणि मला या संगीतात येऊन फार काळ झालेला नाही, म्हणून माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. माझा रस्ता तबला आणि गिटार एकत्र आणणाऱ्या ‘शक्ती’ या वाद्यवृंदाच्या जुन्या ध्वनिमुद्रणांवरून आला. झाकीरभाईंचा तबला ऐकायला म्हणून गेलो, मग त्यांनी साथ केलेली सतार, संतूर, बासरी ऐकली, आणि तिथून ख्यालापर्यंत पोहोचलो. गिटार-कीबोर्डाला सरसकट नाके मुरडणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावे की कित्येकांसाठी दार तेच असते. मात्र आत आल्यावर मला गिटारची गरज उरली नाही.

मला सर्वांत जास्त मदत झाली ती यूट्यूबवरच्या अनोळखी लोकांची. तासाभराच्या एखाद्या ध्वनिमुद्रणाखाली कोणीतरी लिहून ठेवलेले असते की आलाप इथपर्यंत, बडा ख्याल इथून, अंतरा इथे, सरगम इथे, द्रुत बंदिश इथून. तेवढ्या टिपणाने ऐकण्याची रीत बदलते. आणि बंदिशीचे शब्द! ते बहुधा ब्रज बोलीतले असतात, आलापात ताणले जातात, आणि नवख्याला शेवटपर्यंत कळत नाही की गाणारा काय म्हणतो आहे. भीमपलासातली ‘जा जा रे अपने मंदिरवा’ ही बंदिश मला शब्द वाचल्यानंतर खऱ्या अर्थाने ऐकू आली. नायिका काय म्हणते आहे हे कळल्यावर त्या ‘जा जा’च्या प्रत्येक उच्चारात नवे काही दिसू लागले. तुमच्या बैठकीत रागाचे नाव, ताल आणि बंदिशीचे शब्द छापलेला अर्धा कागद प्रत्येकाला द्या.

आणखी एक सांगायलाच हवे. एका सभागृहात मी उत्साहाने मध्येच टाळी वाजवली तेव्हा पुढच्या रांगेतल्या गृहस्थांनी मागे वळून सर्वांसमक्ष मला सुनावले. माझ्यासोबत आलेली मैत्रीण त्यानंतर एकाही मैफलीला आली नाही. गिरगावकरकाका, जाणता शेजारी मिळाला तर सोन्याहून पिवळे, पण सगळेच शेजारी तसे नसतात.

गिरगावकर
लयवेडा, त्या गृहस्थांनी फार चुकीचे केले. चुकीच्या जागी का होईना, टाळी मनापासून आली होती. बंदिशीच्या कागदाची सूचना मला मान्य आहे. त्याने तानपुरे उतरत नाहीत.

डग्गा
मी तबला शिकवतो. समेबद्दल कोमल रिषभ यांनी लिहिले आहे ते अगदी खरे आहे आणि ती पकडायला शिकवणे वाटते तितके अवघड नाही. सुरुवात मध्य लयीतल्या त्रितालाने करावी. ‘धा धिं धिं धा, धा धिं धिं धा, धा तिं तिं ता, ता धिं धिं धा’ हा ठेका दोन मिनिटे नुसता वाजवावा आणि श्रोत्यांना फक्त डग्ग्याकडे, म्हणजे तबल्याच्या जोडीतल्या डाव्या, घुमणाऱ्या वाद्याकडे लक्ष द्यायला सांगावे. दहाव्या मात्रेपासून डग्ग्याचा घुमारा थांबतो, चार मात्रा कोरडे बोल येतात आणि चौदाव्या मात्रेला घुमारा परत येतो. चौदा, पंधरा, सोळा, आणि सम. मात्रा मोजता येत नसल्या तरी घुमारा गेला आणि आला हे कोणालाही ऐकू येते. मग गायकाने एकच मुखडा, म्हणजे समेकडे नेणारा बंदिशीचा सुरुवातीचा तुकडा, चार-सहा वेळा समेवर आणून दाखवावा. तिसऱ्या-चौथ्या वेळी सगळे सभागृह समेवर एकत्र येते, आणि त्या क्षणी लोकांच्या चेहऱ्यावर जे दिसते त्यासाठी मी हा उद्योग पुन्हा पुन्हा करतो.

विलंबित एकताल त्यानंतर घ्यावा. तिथे तिरकिट ही खूण. ‘धिं धिं धागे तिरकिट तू ना कत् ता धागे तिरकिट धी ना’ या ठेक्यात तिरकिट दोनदा येते, चौथ्या मात्रेला आणि दहाव्या मात्रेला, आणि नवा श्रोता पहिल्यालाच फसतो. पहिल्या तिरकिटानंतर ‘तू ना’ असे कोरडे बोल येतात, दुसऱ्यानंतर ‘धी ना’ असा भरीव बोल येतो आणि गायक मुखड्याची तयारी करू लागतो. एवढे सांगितलेल्या माणसाला एक मिनिटाचे आवर्तन रिकामे वाटत नाही.

आळंदीचा वाटसरू
या धाग्यात पुणे-मुंबईच्या सभागृहांची चर्चा चालली आहे, म्हणून थोडे बाहेरचे लिहितो. रागदारी ऐकणारा तरुण महाराष्ट्रात नाही, या गृहीतालाच माझी हरकत आहे. कोणत्याही गावच्या सप्ताहातले कीर्तन ऐकायला जा. मागे टाळकऱ्यांच्या रांगेत उभा असलेला गायक अभंगाला भीमपलासाची, मालकंसाची, भूपाची चाल लावतो, मृदंगी त्याला साथ देतो, चाल चढत जाते आणि मांडवातली हजारो माणसे ती चढण बरोबर ओळखतात. जोग महाराजांनी १९१७ साली आळंदीला वारकरी शिक्षण संस्था स्थापन केली आणि आज आळंदीत ठिकठिकाणी शेतकऱ्यांची मुले गायन आणि पखवाज शिकताना दिसतात. त्यांच्या चालींची ध्वनिचित्रे मोबाइलवर फिरतात आणि ती पाहणारे बहुतेक जण विशीतले असतात.

हा श्रोता तुमच्या सभागृहात येत नाही, कारण त्याला तिथे कोणी बोलावलेले नसते. मैफलीचे निमंत्रण ठरावीक वस्त्यांत फिरते, तिथला पेहराव, तिथले बोलणे, ‘क्या बात है’ म्हणण्याची लकब, हे सगळे त्याला परके वाटते. पंडित भीमसेन जोशींनी संतवाणी गावोगाव नेली तेव्हा हा श्रोता त्यांच्यापर्यंत पोहोचला होता आणि त्यांच्या ख्यालापर्यंतही त्यातले बरेच जण गेले. कोमल रिषभ, तुमच्या संकुलात काम करणाऱ्या माणसांना, जवळच्या भजनी मंडळाला आमंत्रण देऊन पाहा. त्यांना भीमपलासाची ओळख करून द्यावी लागणार नाही. तोच राग ख्यालात कसा उलगडतो एवढेच दाखवावे लागेल.

फोंड्याची माणकुली
आळंदीचा वाटसरू यांच्याशी शंभर टक्के सहमत. आमच्या गोव्यात भजन आणि रागसंगीत यांच्यात भिंत नाहीच म्हणा ना. वास्कोच्या दामोदर सप्ताहात चोवीस तास अखंड भजन चालते आणि तिथे गाणाऱ्यांत रागाची तालीम घेतलेले पुष्कळ जण असतात. लहान मुले आईच्या मांडीवर बसून ऐकतात, कोणी त्यांना गप्प बसवत नाही. केरीच्या केसरबाई केरकर, कुर्डीच्या मोगूबाई कुर्डीकर या गायिका याच मातीतल्या. केसरबाईंची ‘जात कहाँ हो’ ही भैरवी १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांवरच्या सुवर्णतबकडीत गेली, आणि ती साडेतीन मिनिटांचीच आहे. षड्जपंचम यांच्या मुद्द्याला ही आणखी एक पुष्टी.

रेडिओचा सांगाती
काय करू नये याचे उदाहरण आपल्याच इतिहासात आहे. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर १९५२ ते १९६२ या काळात केंद्रात माहिती व नभोवाणी मंत्री होते. लोकांना उत्तम संगीत ऐकवायचे म्हणून आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार करण्यात आली. श्रोत्यांनी काय केले? त्यांनी रेडिओ सिलोन लावला. शेवटी १९५७ साली विविध भारती सुरू करावी लागली. आवड हुकमाने निर्माण होत नसते.

षड्जपंचम
रेडिओचा सांगाती, केसकरांच्या नावावर एवढेच टाकणे अन्यायाचे होईल. शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम १९५२ मध्ये आणि आकाशवाणी संगीत संमेलन १९५४ मध्ये सुरू झाले ते त्यांच्याच काळात. संस्थानांचा आश्रय गेलेल्या कलावंतांना त्याने आधार दिला, आणि ज्या गावात गवई कधी येणार नव्हता त्या गावात दीड तासाची संपूर्ण मैफल पोहोचली. बंदी फसली, पण नेम धरून दर आठवड्याला ऐकवणे फसले नाही. कोमल रिषभ यांनीही बैठकीचा वार आणि वेळ कायम ठेवावी.

रेडिओचा सांगाती
मान्य. राष्ट्रीय कार्यक्रमाचा उल्लेख मी करायला हवा होता.

मिरजेचा भोपळा
नाव वाचून हसू नका, तंबोऱ्याच्या गावचा आहे. आमच्या सतारमेकरांच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. माझे म्हणणे आवाजाबद्दल आहे. बहुतेक सभागृहांत ध्वनिव्यवस्था चित्रपटगीतांच्या वाद्यवृंदाला साजेशी लावलेली असते. डग्गा छातीवर आदळतो, संवादिनी कर्कश होते आणि तानपुरा ऐकूच येत नाही. ज्या स्वराच्या पार्श्वभूमीवर गाणे उभे राहते तोच स्वर नाहीसा झाल्यावर नव्या श्रोत्याने गायकाचा रिषभ कशाशी ताडून पाहायचा?

छोट्या बैठकीत माईक लावूच नका. बैठकीच्या थोडे आधी या, आणि मुलांना तानपुऱ्याजवळ बसवा. घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, तारेखाली जवारीचा दोरा नसेल तेव्हा तार बंद, ठोकळ बोलते. दोरा सरकवत योग्य जागी आणला की तीच तार उघडते आणि एका स्वरातून अनेक स्वर झिरपू लागतात. खर्जाच्या तारेत न छेडलेला गंधार ऐकू येतो. हे एकदा कानाने अनुभवलेला मुलगा पुढच्या वेळी आपणहून तानपुऱ्याच्या जवळची जागा शोधतो.

न्यू जर्सीकर
लिओनार्ड बर्न्स्टाइन यांनी १९५८ ते १९७२ या काळात न्यूयॉर्क फिलहार्मॉनिकच्या साथीने मुलांसाठी दूरदर्शनवर सादर केलेल्या मैफली माझ्या इथल्या शेजाऱ्यांना अजून आठवतात. स्वतः वाद्यवृंद चालवणारा माणूस मुलांशी बोलत होता, आणि प्रत्येक वाक्यानंतर ते वाजवून दाखवत होता. गिरगावकर यांचा निवेदकांवरचा राग मला समजतो, पण बोलणारा जर स्वतः गाणारा असेल तर? कुमार गंधर्वांनी ‘गीतवर्षा’, ‘गीत हेमंत’, ‘गीत वसंत’ असे ऋतूंचे कार्यक्रम बांधले. तिथे व्याख्यान नव्हते; मांडणीच श्रोत्याला वाट दाखवत होती.

शुद्ध कल्याण
न्यू जर्सीकर यांच्या मुद्द्याला जोडून. मी शाळेत संगीत शिकवते. नववीच्या वर्गात मी भूप आणि देशकार शेजारी शेजारी ठेवते. दोन्हींत सा, रे, ग, प, ध हेच पाच स्वर. भूपात गंधारावर विसावायचे, खालच्या अंगाने सावकाश फिरायचे. देशकारात धैवतावर ठाम उभे राहायचे आणि वरच्या षड्जाकडे झेपावायचे. मुलांना वादी-संवादी, म्हणजे रागातले मुख्य आणि त्याला जोडीचे स्वर, हे शब्द मी सुरुवातीला सांगतच नाही. दोन्ही गाऊन दाखवते आणि विचारते, संध्याकाळ कोणती आणि सकाळ कोणती? बहुतेक वेळा मुले बरोबर उत्तर देतात, आणि ज्यांचे उत्तर वेगळे येते त्यांच्याशी चर्चा अधिक रंगते. परीक्षांच्या अभ्यासक्रमात, प्रारंभिकपासून विशारदपर्यंत, आरोह-अवरोह पाठ होतात, पण ऐकायचे कसे याला स्वतंत्र जागा नाही. दरवर्षी इतकी मुले या परीक्षांना बसतात, त्यातली किती मैफलीला दिसतात?

तिहाई
आमच्याकडे मध्यंतरात बटाटेवडे असतात, त्यामुळे निदान मध्यंतरापर्यंत कोणी हलत नाही! गंमत सोडा, पण लोक एकमेकांशी आणि कलाकाराशी बोलतात ते त्या वीस मिनिटांतच. चहापाणी आवर्जून ठेवा.

कोमल रिषभ
सर्वांचे मनापासून आभार. अपेक्षेपेक्षा खूप अधिक मिळाले. पुढची बैठक रविवारी सकाळी सात वाजता ठेवावी असा विचार आहे. सवाई गंधर्व महोत्सव एके काळी रात्रभर चाले, पहाटेचा ललित राग पहाटेच ऐकायला मिळे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनंतर रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद झाले आणि आयोजक संध्याकाळपुरते उरले. सकाळ तर आपल्या हाती आहे. माईक नसेल, बंदिशीचा कागद असेल, जवळच्या भजनी मंडळाला आणि सुरक्षारक्षकांच्या कुटुंबांना निमंत्रण असेल. गायिका सुरुवातीला वीस मिनिटे भूप-देशकार आणि सम दाखवायला आनंदाने तयार आहेत. त्यानंतर एकच राग, विलंबितासह. मंडळी दोन गोष्टींवर सल्ला द्यावा: राग कोणता, आणि विलंबित किती संथ?

शुद्ध कल्याण
देशकारच घ्या. नुकताच ओळखलेला राग पूर्ण रूपात भेटला की मुले त्यातली प्रत्येक ओळखीची जागा शोधत बसतील. सकाळच्या वेळेलाही तो शोभतो.

गिरगावकर
दाखवणाऱ्या स्वतः गायिकाच असतील तर माझा आक्षेप उरत नाही. अट एकच: ती वीस मिनिटे संपली की मध्ये कोणी बोलू नये, आभारप्रदर्शन अगदी शेवटी.

विलंबिताबद्दल उत्तर परंपरेतच आहे. ग्वाल्हेरच्या गायकीत बडा ख्याल आजच्याइतका संथ नसतो. त्या लयीत बंदिशीचे शब्द सलग ऐकू येतात, स्थायी-अंतरा दोन्ही भरले जातात आणि सम लवकर लवकर भेटते. गायिकांना विचारा, तिलवाडा या तालात देशकार गाणार का. त्यांना ती लय मानवत असेल तर काहीही न गाळता तुमचे काम होईल.

डग्गा
तिलवाडा असेल तर मी पुण्याहून यायला तयार आहे. तोही सोळा मात्रांचाच आहे आणि त्यातही खाली, म्हणजे टाळीऐवजी हात मोकळा सोडायची जागा, नवव्या मात्रेलाच येते, पण डग्ग्याचा घुमारा सातव्या मात्रेला जातो आणि अकराव्याला परत येतो, त्यामुळे त्रितालात शिकवलेली खूण तेवढी बदलून सांगावी लागेल. दायाँ, म्हणजे उजव्या हाताचा तबला, कोणत्या स्वराचा आणू तेवढे गायिकांना विचारून कळवा.